सरूआत्ती, फोटोत तुझा गळा उजळला होता

सरूआत्ती, भागवतचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर टिकल्या लावायची साडी होती आणि बोटं गमानं चिकटलेली होती. "आत्ती गेली," एवढंच म्हणाला तो. मी म्हणाले, "कुठं?" खरंच तसं विचारलं मी. तू कुठंतरी जातच असायचीस ना. सिरसाळ्याच्या बाजाराला, कुणाच्या बाळंतिणीकडे, नाहीतर कुणाच्या भांडणात पंच म्हणून. मला वाटलं, न सांगता कुठं गेली असशील म्हणून भाऊ वैतागलाय. पण तो म्हणाला, "लगेच निघ." मग मला कळलं.

तुझं सगळं करून मी परत सुरतला आलेय. सातवीनंतर एवढं लांबलचक कधी लिहिलं नाही, त्यामुळं कुठं चुकलं तर चुकलं. फोनवर तुझ्याशी बोलायची रोजची वेळ झाली की हात शिवशिवतो. म्हणून वही घेतली.

इथल्या बायका भेटायला आल्या की हळूच विचारतात, "त्या जुन्या आजारानंच गेल्या का?" मी ताठ बसून सांगते, "अजिबात नाही. तो आजार परत फिरकलाच नाही. दुपारी जेवल्या, भिंतीच्या सावलीत तूर निवडत बसल्या, आणि तिथंच हृदय थांबलं." सांगताना डोळ्यांत पाणी येतं, पण आवाजात जरा तोराही येतो. तुझा आहे तो तोरा. तू त्या आजाराला हरवलंस हे सांगायची संधी मी सोडत नाही.

आई-बाबा ऊसतोडीला गेले की मी तुझ्याजवळ. तुला लेकरू नव्हतं आणि माझी आई फडात, आपल्या दोघींचं बरोबर जमलं. मला शाळेतून काढून कोयत्यावर न्यायचं ठरलं तेव्हा घरात एकटी तूच भांडलीस. "दादा, तिला मोळ्या उचलाय लावू नको, पोरगी हुशार हाय," असं बाबाला म्हणालीस. हरलीस. पण नंतर प्रत्येक दिवाळीला तू ते भांडण उकरून काढायचीस, आणि बाबा मान खाली घालून करंजी खात बसायचा.

मी लहानपणापासून भित्री. एसटी उशिरा आली तरी मी दारात उभी राहून रस्ता बघायची. तू म्हणायचीस, "तू काळजी कराय लागलीस की मला निवांत झोप लागती, शिवकन्ये. घरात एकीनं केली की बास हाय."

म्हणून तर गाठीचं तू मला सांगितलं नाहीस. भागवतच्या बायकोनं सांगितलं. म्हणाली, आत्तीच्या छातीत सुपारीएवढी गाठ आहे, अंबाजोगाईच्या दवाखान्यात सुई घालून तपासली आणि ती वाईट निघाली. मी तुला फोन लावला तर तू मलाच झापलंस.

"तुला कुणी सांगितलं? दुखत न्हाई, खुपत न्हाई. कावून रडायलीस?"

"आत्ती, डॉक्टर पुढं काय म्हणाले?"

"मोठ्या गावात जाऊन सगळ्या अंगाचा फोटो काढा म्हनले. कुठं कुठं पसरलंय ते दिसतंय म्हनं त्यात. मी न्हाई जाणार. दिसलं तर काय आन् न्हाई दिसलं तर काय?"

गावात तर सगळे सांगत होते की गाठीला सुई लावली, आता ती भडकणार, अजून हात लावू नका. भागवतही त्यांच्या बाजूचा. मीच हट्टाला पेटले. सुरतला एका ट्रस्टच्या दवाखान्यात हा फोटो आमच्यासारख्यांना परवडेल असा निघतो, हे दत्तूंनी कारखान्यात चौकशी करून आणलं होतं. तुझा जावई तसा कमी बोलतो, पण चौकशी पक्की करतो. शेवटी मी खोटंच सांगितलं की माझ्याकडून एकटीनं काम होत नाही, चार दिवस हाताखाली ये. लगेच ट्रॅव्हल्समध्ये बसलीस. आजारासाठी आली नसतीस, पण कामाला बोलावल्यावर तुझे पाय घरात राहिले नसते.

तू आलीस तेव्हा मला तिसरा महिना होता. आधीची दोन राहिली नव्हती, तुला माहीतच आहे. दोन्ही वेळा मी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना सांगून बसले होते. तेव्हा या खेपेला ठरवलं होतं की पोट दिसेपर्यंत दत्तूंशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही. आपल्याकडं असंच करतात ना, दृष्ट लागू नये म्हणून. तूच शिकवलेलं. त्यामुळं तुलाही सांगितलं नाही. तू माझ्याकडं बघून दोनदा म्हणालीस, "तोंड सुकलंय तुझं," आणि मी साडीच्या टिकल्यांवर ढकललं.

दवाखान्यातली ती खोली आठवते का? आत थंडगार. सिस्टर नंदुरबारकडची निघाली, मराठी बोलणारी, तेव्हा तुझा जीव भांड्यात पडला. तिनं तुला समजावलं, "आजी, हे इंजेक्शन साखरेसारखं असतं. आता अंगभर जाईल. तासभर या खुर्चीत पडून राहायचं. हलायचं नाही, काही चघळायचं नाही, आणि बोलायचं तर अजिबात नाही."

"कावून?" तू.

"जो अवयव काम करतो तो साखर खातो, आजी. मग फोटोत तोच चमकतो. तुम्ही शांत असलात की आम्हाला नको ते दिसणार नाही."

"एक तास गप?" तू माझ्याकडं असं पाहिलंस जणू मीच शिक्षा लावली होती.

मी बाहेर थांबले. इंजेक्शन देऊन सिस्टर दारात आली आणि मला सांगू लागली, फोटो झाल्यावर आजींना घरी न्या, पण उद्या सकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायांना त्यांच्याजवळ बसू देऊ नका. औषधात थोडे किरण असतात. भिंतीवर मोठा बोर्ड होता, त्यावर हे सगळं लिहिलेलं असणार, पण गुजराती मला वाचता येत नाही. मी सिस्टरच्या कानाशी गेले आणि सांगितलं.

ती कानात कशाला बोलेल? "अहो, मग आधी सांगायचं ना! तुम्हाला दिवस गेलेत तर तुम्ही इथं काय करताय? चला, चला, त्या टोकाला बसा!"

दार उघडं होतं.

आतून तुझा आवाज आला. "कोण? कुणाला दिवस गेलेत?" आणि मग खुर्ची करकरली. "शिवकन्ये! तुला? कितवा चाललाय गं? माझ्यापासून लपवतीस व्हय?"

"आजी, बोलू नका! पडा तिथं!"

"आगं पडते बाई, पण पोरीला इचारू तर दे! उलट्या व्हायल्यात का? आंबट खावं वाटायलंय का?"

मी त्या टोकाच्या बाकावर बसून रडतही होते आणि हसतही होते. सिस्टर दोनदा आत गेली. दार लावलं तरी तुझा आवाज दाराखालून येत होता. पडद्यापलीकडं एक म्हातारी गुजराती बाई होती, तिला मराठी येत नाही आणि तुला गुजराती येत नाही. तरी तू तिला सगळं सांगितलंस. माझी आधीची दोन कशी राहिली नाहीत, मी लहानपणी माती कशी खायची, आता डोहाळजेवणाला काय काय करायचं. ती बिचारी मधूनमधून "हा, हा" म्हणत होती. मग बोलायचं संपलं तेव्हा तू हळू आवाजात पाळणा म्हणायला लागलीस. सिस्टर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या आजींना आजार कळलाय का? का नाही कळलेला?" मी म्हटलं, "सगळं कळलंय. पण आज त्यांना दुसरं काहीतरी कळलंय."

त्या संध्याकाळी तुला आमच्या खोलीत ठेवायचं नव्हतं, म्हणून आमच्या गॅलरीच्या पार टोकाला राहणाऱ्या चौधरी मामींकडं तुझी सोय केली. त्या घरात लेकरं नाहीत. पण तू कसली गप्प बसतेस? त्या टोकाला पाटावर बसून तू ओरडायचीस, "शिवकन्ये, जेवलीस का? पालथी झोपू नको! जड काय उचलू नको!" आणि मी या टोकावरून, "हळू बोल, आत्ती!" माळ्यावरच्या सगळ्या बायका दारात आल्या. तीन महिने जिवापाड जपलेलं गुपित एका संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगीत फिरलं. वरच्या मजल्यावरची बाई वाटीभर चिंच घेऊन आली. मी दत्तूंना म्हटलं, आता दृष्ट लागणार. ते म्हणाले, "एवढ्या आवाजात दृष्टीला जवळ यायला जागा कुठंय?" आमच्या लग्नात ते एवढं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाईंनी बोलावलं. तिथं मात्र माझं हसू गेलं. त्यांनी पडद्यावर तुझा फोटो लावला. काळोखात एक माणूस उभं असावं तसं तुझं अंग, आणि त्यात ठिकठिकाणी जाळ. डोकं तर निखाऱ्यासारखं. छातीत हृदयाशी उजेड, खाली पोटाशी उजेड, आणि गळ्यात दोन ठिपके लखलखीत. मला वाटलं संपलं. डोक्यात गेलंय, गळ्यात गेलंय, कुठं जायचं राहिलंय? मी तुला गावाकडनं ओढत आणलं ते हे बघायला. मी तुझा हात इतका घट्ट धरला की तू म्हणालीस, "बांगडी मोडंल की."

डॉक्टरबाई हिंदीत बोलायच्या, पण हळू. म्हणाल्या, "घाबरू नका. डोकं सगळ्यांचंच असं दिसतं. मेंदूला साखर कायम लागते, हृदयालाही. खाली दिसतंय ते मूत्राशय, औषध तिकडूनच बाहेर पडतं." मग त्यांनी दुसरा फोटो लावला. करड्या रंगाचा, त्यात हाडं, फुप्फुसं, सगळी ठेवण. उजेड मात्र कुठंच नाही. त्या म्हणाल्या, "हे दोन्ही एकाच टेबलावर, एकाच वेळी काढलेत. एकात भूक दिसते, दुसऱ्यात जागा दिसते. आता एकावर एक ठेवते."

आणि ठेवले. आत्ती, मला तेव्हा झटक्यात समजलं. आम्ही साडीवर टिकल्या लावतो तेव्हा आधी भोकं पाडलेला कागद येतो. नुसता कागद बघितला तर भोकांचा काही अर्थ लागत नाही. साडीवर ठेवला की कळतं, हे भोक पदरात आलं, हे काठात. तसंच ते होतं. जाळाचा प्रत्येक ठिपका आपापल्या जागी जाऊन बसला. छातीतली गाठ, ती तर माहीतच होती. काखेत एक बारीक ठिपका, तोही आजाराचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, काखेतलं काढता येतं.

मग त्या गळ्यापाशी थांबल्या.

"आजी, इंजेक्शननंतर तुम्ही बोलत होतात का?"

तू जमिनीकडं बघितलंस. "न्हाई... म्हंजी लई न्हाई."

मी म्हटलं, "डॉक्टर, ती एक मिनिट गप्प बसली नाही. पाळणा पण म्हणाली."

डॉक्टरबाई खुर्चीत मागं टेकून हसल्या. दोन्ही बाजूंना सारखा उजेड आहे, म्हणाल्या, आणि करड्या फोटोत गळा स्वच्छ आहे. गाठ नाही, सूज नाही. ती बोलायची जागा आहे, तासभर राबली म्हणून चमकली. हाडं साफ, फुप्फुसं साफ, लिव्हर साफ. आजार छाती आणि काखेच्या पुढं गेलेला नाही, आधी औषधं देऊ, मग ऑपरेशन करू. "पुढच्या वेळी मात्र तोंडाला पट्टी लावू," असंही म्हणाल्या.

तू बाहेर येऊन पहिलं काय म्हणालीस? "बगितलंस? माझा आनंद फोटोत निगाला."

"आनंद नाही, आत्ती. गळ्याचे स्नायू आहेत ते."

"तुला काय कळतंय? डॉक्टरीण हसली का न्हाई? स्नायूला कोण हसतंय का?"

हे भांडण आपण किती वर्षं घातलं! तू पुढं गावात ज्याला त्याला सांगायचीस की सुरतच्या मशिनीत आनंद दिसतो, आणि मी फोनवर ओरडायचे की लोकांना काहीतरी सांगू नको. शेवटच्या संक्रांतीला आले तेव्हाही झालं. भागवतच्या बायकोनं दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवला तरी आपण थांबलो नाही. त्याचा निकाल लागला नाही. खरं सांगू? निकाल लागावा असं मला कधी वाटलंच नाही. लागला असता तर दुसरं काय भांडलो असतो?

औषधांसाठी तू आमच्याकडंच राहिलीस, ते दिवस सोपे नव्हते. ते मी विसरले नाही, पण तुझ्याशी बोलताना ते आधी आठवत नाहीत. आठवतं ते असं की तुझे केस गेले तेव्हा तू आरशात बघून म्हणालीस, "आमचा बाप असाच दिसायचा." आणि केस परत आले ते कुरळे. आयुष्यभर सरळ केस, आणि साठीला आल्यावर कुरळे! पदर डोक्यावरून मुद्दाम मागं सरकवून तू वडवणीच्या बाजारात हिंडायचीस, असं भागवत सांगायचा. उलटी झाली की तू म्हणायचीस, "दोघींची एकदमच चाललीय," कारण मलाही होतच होत्या. दत्तू दोन बादल्या ठेवायचे, एक तुझी, एक माझी.

मुक्ता झाली तेव्हा तुझं ऑपरेशन होऊन गेलेलं होतं. डाव्या हाताला जोर लावायचा नव्हता, म्हणून तू तिला उजव्या मांडीवर घेऊन बसायचीस. बारशाला नणंद आली, तिचा मान होता नाव ठेवायचा. तिनं कानात नाव सांगायच्या आधी तूच मोठ्यानं सांगून मोकळी झालीस. ती तीन दिवस रुसली. मला तेव्हा लाज वाटली होती, आता त्या नणंदेचा फोन येतो तेव्हा ती स्वतःच ते सांगून हसते. "तुझी आत्ती म्हंजी," म्हणते आणि परत पहिल्यापासून सांगते.

तू परत गेलीस, पण गप्प बसायला थोडीच. भागवतची बायको सांगत होती, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी तू बायांना गाठून विचारायचीस, "छातीत काय लागतंय का हाताला? दुखत न्हाई म्हनून बसू नका. माझी बी दुखत नव्हती." काही जणी लाजून पळायच्या. पण दोघी-तिघी अंबाजोगाईला जाऊन आल्या. त्यातल्या एकीचं वेळेत सापडलं, ती मला तुझ्या दहाव्याला भेटली. माझा हात धरून नुसती उभी राहिली.

तुला मी कधी म्हणाले नाही की तू मला वाढवलंस. आपल्यात असं कोण बोलतं? तू मला म्हणाली असतीस, "नाटकं करू नको, चहा ठेव." मुक्ता मोठी झाल्यावर एकदा तुझ्या मांडीवर झोपली होती, तेव्हा म्हणावं असं वाटलं होतं. पण तू तिच्या केसांतल्या उवा शोधत होतीस आणि तुझं सगळं लक्ष तिकडं. म्हटलं, पुढच्या खेपेला.

आता दहाव्याचं सांगते, कारण ते तुला माहीत नाही.

सकाळी आम्ही सगळे नदीवर गेलो. पिंड मांडले. कावळा शिवेपर्यंत थांबायचं म्हणून माणसं तयारीनं आली होती, कुणी सावली हेरत होतं, कुणी तंबाखू काढली. गेल्या साली शेजारच्या काकांच्या वेळी दुपार झाली होती, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. जो तो मनातल्या मनात बोलणं जुळवत होता. भागवत म्हणणार होता, आत्ती, घर नीट सांभाळतो. बाबा म्हणणार होता, सरू, पोरीला शाळेतून काढायला नको होतं. हे त्यानं मला वाटेतच सांगितलं होतं, हळू आवाजात. आणि मी तर अख्खी रात्रभर जुळवलं होतं. मला माहीतच होतं, तुझा जीव माझ्यात अडकलेला असणार. मी लांब आहे, भित्री आहे. मी हात जोडून म्हणणार होते, आत्ती, माझी काळजी करू नको, मी राहीन.

भागवत पिंडापासून दोन पावलंही मागं सरकला नव्हता. कावळा आला. नुसता आला नाही, टपकन बसला आणि भाताचा गोळा घेऊन बाभळीवर गेला. मागून दुसरा आला. माणसं अजून बसायचीही होती.

"आरं तिच्या!" बाबा म्हणाला. "झालं बी?"

कुणीतरी मागून म्हणालं, "हिचं काहीच राहिलं न्हाई वाटतं."

आत्ती, मला तुझा राग आला. खरंच आला. एवढ्या लांबून मी आले, रात्रभर शब्द जुळवले, आणि तुला ते ऐकायलाही थांबायचं नव्हतं? माझी एवढीशीही काळजी राहिली नव्हती तुला? मी तशीच हात जोडून उभी राहिले, आणि मुक्तानं माझा पदर ओढून विचारलं, "आई, झालं ना? आता चल की."

तेव्हा मला हसू फुटलं. नदीवर, सगळ्यांसमोर. बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

म्हणजे तुझं बघून झालं होतं. माझं घर बघितलंस, दत्तूंना बघितलंस, मुक्ताला चालताना, बोलताना, शाळेत जाताना बघितलंस. आणि ठरवलंस की ही राहील आता. मला कधीच तसं वाटलं नसतं, आत्ती. अजूनही रोज सकाळी उठले की कसली ना कसली काळजी लागतेच. पण तू माझ्यापेक्षा मला जास्त ओळखायचीस. तुला जर निवांत जाता आलं, तर मी बरी असणार.